घड्याळकार दुकानात येतो तेव्हा: पहिलीच भेट आखणाऱ्यांसाठी

स्वतंत्र घड्याळकाराला दुकानात बोलवायचं ठरवलंत, की एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: त्या संध्याकाळी विकायला बहुधा काहीच नसेल. वर्षाला जेमतेम पंधरा-वीस घड्याळं करणारा माणूस, आणि त्यातलं प्रत्येक आधीच कोणाच्या तरी नावावर लागलेलं. तो येईल तेव्हा पेटीत एखादा नमुना असेल, स्वतःच्या मनगटावर एक असेल आणि फार तर जुन्या गिऱ्हाइकाकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेलं आणखी एक. काउंटर, बिलबुक, ‘आज घेतलंत तर’ ही दुकानदाराची नेहमीची हत्यारं इथे चालत नाहीत. मग भेट कशासाठी? ज्याने चाकाच्या कडा घासल्या त्याच्याच समोर बसावं, घड्याळ हातात घ्यावं आणि ‘हे असं का केलंत?’ असं विचारता यावं, यासाठी. त्या एका प्रश्नाला पुरेसा वेळ आणि शांतता मिळाली तर भेट जमली.

आमची पहिली भेट फसली ती इथेच. चाळीस जणांना बोलावलं, चाळीसच्या चाळीस आले. घड्याळकार तीन तास उभा होता आणि नीट बोलणं झालं ते पाच-सहा जणांशी. उरलेल्यांनी एकमेकांची घड्याळं बघितली आणि घरी गेले.

१. कोणाला बोलवायचं

‘स्वतंत्र’ हा शब्द फार सैल आहे. मोठ्या उद्योगसमूहाच्या मालकीचा नाही, एवढंच त्यातून कळतं. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेतून यांत्रिक घड्याळं अजून पुरती सावरलेली नव्हती, तेव्हा १९८५ साली स्वेन अँडरसन आणि व्हिन्सेंट कालाब्रेसे या दोघांनी अशा कारागिरांची एक अकादमी काढली. एएचसीआय या नावाने ती आजही आहे. तिच्या सदस्यांची कामं पाहिली तरी लक्षात येतं की कोणत्याही दोघांची पद्धत सारखी नाही.

एक परंपरा इंग्लिश घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांची. हाताने घड्याळ करायला लागणाऱ्या ३४ कौशल्यांपैकी ३२ एकाच माणसाच्या हातात हवीत, असा त्यांचा दंडक मानला जातो. त्यांचे शिष्य रॉजर स्मिथ आइल ऑफ मॅनवर तीच वाट चालवतात. दुसरी परंपरा मॅक्स ब्यूसर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या एमबी अँड एफची. इथे एकाची कल्पना असते, बाकीचे कारागीर बाहेरचे असतात आणि प्रत्येकाचं नाव उघडपणे छापलं जातं. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो: मूळ यंत्र दुसऱ्याकडून घ्यायचं आणि त्यावर स्वतःचं डायल, स्वतःचं फिनिशिंग, कधी स्वतःचा एखादा भाग चढवायचा. तिन्ही प्रकार प्रामाणिक आहेत. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो एक सांगून दुसरं दाखवलं की.

म्हणून निमंत्रणाआधी निवांत फोन करा आणि भीड न ठेवता विचारा. वर्षाला किती घड्याळं होतात? डायल कोण करतं, केस म्हणजे बाहेरचं कवच कोण करतं? हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची लय राखणारी केसासारखी बारीक वेटोळी स्प्रिंग, कुठून येते? (जवळजवळ सगळेच ती बाहेरून घेतात, त्यात कमीपणा नाही, पण ‘सगळं आमच्याकडेच’ म्हणणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारावा.) दहा वर्षांनी घड्याळ उघडावं लागलं तर कोण उघडणार? आज नाव नोंदवलं तर हातात कधी येईल? उत्तरं कागदावर उतरवून ठेवा. भेटीच्या दिवशी संग्राहक हेच प्रश्न तुम्हाला विचारणार आहेत आणि तेव्हा ‘विचारून सांगतो’ म्हणायची वेळ येऊ नये.

पहिल्या खेपेला एकच घड्याळकार बोलवा. दोघांना बोलवायचंच असेल तर त्यांचे विषय वेगळे असू द्या. एक डायलवरच्या इनॅमलचा आणि दुसरा यंत्राच्या रचनेचा, असं असलं की त्यांच्यात तुलना होत नाही. दोघांचंही साधं तीन काट्यांचं घड्याळ असेल तर सगळी संध्याकाळ ‘याचं बरं की त्याचं’ यातच जाते आणि पाहुण्या कारागिराला अवघडल्यासारखं होतं.

२. तोंडी ठरवू नका

कारागीर मंडळी बहुधा कागदपत्रांना कंटाळलेली असतात आणि दुकानदाराला वाटतं, एवढ्या मोठ्या कलावंताकडे करार कसा मागायचा. मागायचा. एक पान पुरे. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च कोणाचा, घड्याळांचा विमा कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत कोणाच्या नावावर, भेटीतून ऑर्डर आली तर दुकानाला काही मिळणार की नाही, आगाऊ रक्कम कोणाच्या खात्यात जाणार, आणि फोटो कोण कुठे वापरू शकतं.

यातला आगाऊ रकमेचा मुद्दा सगळ्यात नाजूक. आगाऊ पैसे घेऊन घड्याळ करायची रीत जुनी आहे. अब्राहम-लुई ब्रेगे यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस एकाच काट्याचं ‘सुस्क्रिप्सियाँ’ (म्हणजे आगाऊ नोंदणीचं) घड्याळ काढलं. त्याच्या किमतीचा चौथा हिस्सा ऑर्डर देतानाच भरायचा असे. १९९९ मध्ये एफ. पी. जूर्न यांनी स्वतःच्या नावाने काम सुरू केलं, तेव्हा पहिली २० टूर्बियाँ घड्याळं (ज्यांत तोलचाक फिरत्या पिंजऱ्यात बसवतात) अशीच आगाऊ विकून भांडवल उभं केलं. संग्राहकांना या कहाण्या पाठ असतात आणि म्हणूनच ते आगाऊ रक्कम द्यायला पटकन तयार होतात. ज्या कारागिरांना ते पैसे घेऊन घड्याळ पुरं करणं जमलं नाही त्यांच्या कहाण्या मात्र कोणी सांगत नाही. एकट्या माणसाची कार्यशाळा म्हणजे तो आजारी पडला की काम थांबलं. रक्कम तुमच्या खात्यातून फिरत असेल तर ती बुडाल्यावर दारात येणारा माणूस तुमच्याच दारात येईल. माझं मत विचाराल तर पैशाचा व्यवहार थेट घड्याळकार आणि संग्राहक यांच्यातच राहू द्यावा. दुकानाने आपला वाटा घड्याळ प्रत्यक्ष पोचल्यावर घ्यावा.

३. घड्याळं सुखरूप आणणं

घड्याळकार दुसऱ्या देशातून येत असेल तर या पायरीला दोन महिने धरा. विकण्यासाठी नसलेला, दाखवून परत न्यायचा माल सीमेपार नेण्यासाठी एटीए कार्ने नावाचं दस्तऐवज असतं. सुमारे ८० देशांत ते चालतं आणि जास्तीत जास्त एक वर्ष वैध असतं. ते घड्याळकाराने आपल्या देशातून काढून आणायचं असतं. त्यावरच्या यादीत प्रत्येक नगाचा अनुक्रमांक आणि किंमत असते. यादीतलं घड्याळ परत गेलंच पाहिजे. ‘आवडलं, हेच ठेवून घेतो’ असं एखादा संग्राहक म्हणाला तर हसून विषय बदला. ते विकायचं झालं तर आयातीची रीतसर प्रक्रिया आणि कर आधी उरकावे लागतात.

पट्ट्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. मगरीच्या सगळ्या जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या संरक्षित यादीत आहेत. मगरीच्या कातड्याचा पट्टा लावलेलं घड्याळ व्यापारी कारणाने सीमेपार नेताना त्याचा वेगळा परवाना लागू शकतो, आणि तो नसेल तर फुटकळ पट्ट्यापायी अख्खं घड्याळ अडकून पडतं. घड्याळकाराला सांगा, प्रवासापुरते वासराच्या कातड्याचे किंवा कापडी पट्टे लाव.

विम्याचं म्हणाल तर दुकानाची नेहमीची पॉलिसी दुसऱ्याच्या मालकीच्या मालाला लागू होते का, ते लेखी विचारून घ्या. बऱ्याचदा होत नाही, किंवा तिजोरीबाहेर काढलेल्या मालाला होत नाही. आणि कुठलं घड्याळ कधी येणार याची जाहिरात करू नका. निमंत्रणात घड्याळकाराचं नाव पुरे.

४. पाहुण्यांचं गणित

इथे खरोखरच गणित करा. भेट तीन तासांची, म्हणजे १८० मिनिटं. सुरुवातीचं बोलणं २० मिनिटं. मध्ये घड्याळकाराला दम घ्यायला २०. उरली १४०. टेबलाशी प्रत्येकी किमान दहा-बारा मिनिटं मिळाली नाहीत तर भेट झाली असं कोणी म्हणणार नाही. म्हणजे बारा पाहुणे. त्याहून जास्त लोक हवे असतील तर दुसरा दिवस ठेवा, पण त्याच संध्याकाळी कोंबू नका. गर्दी नको, दर्दी हवेत.

हे बारा कोण? फक्त मोठी खरेदी करणारे बोलावलेत तर गप्पा लवकरच ‘माझ्याकडे कुठलं आहे’ यावर येतात. दोन-तीन जागा वेगळ्या माणसांसाठी राखा: तुमच्याकडे घड्याळं दुरुस्त करणारा कारागीर, घड्याळकाम शिकणारा विद्यार्थी, आणि परवडत नाही तरी गेली कित्येक वर्षं वाचून-बघून सगळं माहीत असलेला एखादा वेडा. घड्याळकाराच्या चेहऱ्यावर खरा उजेड पडतो तो अशाच कोणाच्या तरी प्रश्नाने, आणि तो बोलता झाला की बाकीच्यांचाही फायदा होतो.

प्रत्येकाला वेळ नेमून द्या. सगळे एकदम आले तरी हरकत नाही, पण टेबलाची पाळी ठरलेली असावी. म्हणजे ज्याचा आवाज मोठा तोच खुर्ची अडवून बसत नाही.

५. टेबल, उजेड आणि शांतता

दुकानाची रोषणाई घड्याळ विकण्यासाठी केलेली असते. वरून पडणारे झगझगीत दिवे प्रत्येक गोष्ट चमकवतात आणि नेमकं पाहायचं तेच लपवतात. हाताचं फिनिशिंग पाहायला उजेड एका बाजूने यावा लागतो. काळं पॉलिश घ्या: कथलाच्या पट्टीवर बारीक लेप लावून पोलादाचा तुकडा इतका सपाट घासतात की तो एका कोनातून कोळशासारखा काळा दिसतो आणि जरा कलला की आरशासारखा लख्ख. चारही बाजूंनी उजेड असेल तर तो काळा दिसणारच नाही आणि त्यामागची तासन्‌तासांची मेहनत वाया जाईल. म्हणून टेबलावर मान वळवता येणारा एक दिवा ठेवा आणि डोक्यावरचे मंद करा. इनॅमलचं डायल असेल तर उलट, मऊ आणि पसरलेला उजेड चांगला. जमलं तर दुपारच्या खिडकीशी एक खुर्ची मांडा.

भिंगं दोन प्रकारची ठेवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग वस्तूपासून जेमतेम अडीच सेंटीमीटरवर धरावं लागतं. सवय नसलेल्या माणसाला त्यातून फक्त स्वतःच्या पापण्या दिसतात. तीन-चारपटीचं भिंग सात-आठ सेंटीमीटरवरून चालतं आणि नवख्याला त्यातच जास्त दिसतं. आधी ते द्या.

मग काय पाहायचं ते दाखवा. पुलांच्या (चाकं जागेवर धरणाऱ्या यंत्रातल्या पट्ट्यांच्या) कडा तिरक्या घासून चमकवलेल्या असतात; त्या तिरक्या पट्ट्या जिथे आतल्या बाजूला टोकदार कोनात मिळतात तो कोपरा पाहायला सांगा. फिरत्या हत्याराने केलेला आतला कोपरा गोलसर राहतो, टोकदार हवा तर हातानेच करावा लागतो. फिलीप द्यूफूर यांचं ‘सिंप्लिसिटी’ हे घड्याळ २००० साली आलं. त्यात फक्त तास, मिनिटं आणि लहान सेकंदकाटा, आणि झाली ती सुमारे दोनशेच. तरी संग्राहक त्याचं नाव इतक्या आदराने का घेतात ते असे दोन कोपरे भिंगातून पाहिले की कळतं. द्यूफूर त्या कडा घासायला जेन्शियन नावाच्या वनस्पतीची वाळलेली काडी वापरतात, ही गोष्ट सांगितली की लोक भिंग खाली ठेवतच नाहीत.

टेबलावर मऊ कापड लावलेला काठाचा ट्रे हवा. घड्याळ हातातून हातात जाणार नाही; एकाने ट्रेमध्ये ठेवायचं, दुसऱ्याने ट्रेमधून उचलायचं. बसण्याआधी अंगठ्या, कडी आणि स्वतःचं घड्याळ काढून ठेवायची विनंती दाराशीच करा, टेबलाशी नको. पाण्याचा पेलासुद्धा त्या टेबलावर नको. खाणंपिणं खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि मोबाइलचे चुंबक लावलेले कव्हर, चुंबकाच्या बटणाच्या पिशव्या, छोटे स्पीकर यांना ट्रेजवळ थारा देऊ नका. हेअरस्प्रिंगची वेटोळी चुंबकाने एकमेकांना चिकटली की घड्याळ भलतंच पुढे पळायला लागतं, आणि ते आपल्या दुकानात झालं हे घड्याळकार विसरत नाही.

आवाजाचं महत्त्व टोल्यांचं घड्याळ आलं की कळतं. मिनिट रिपीटर, म्हणजे मागितल्यावर वेळ टोल्यांनी सांगणारं घड्याळ, जाड स्वरात तास, जोडस्वरात पाव तास आणि बारीक स्वरात मिनिटं वाजवतं. बारा एकोणसाठवर लावलं तर सगळ्यात लांब वाजतं: १२ तास, ३ जोडटोले, १४ मिनिटं. तेवढा वेळ एसी आणि संगीत दोन्ही बंद.

६. ती संध्याकाळ

घड्याळकार दोन तास आधी येऊ द्या. त्याला खुर्चीची उंची, दिव्याचा कोन, ट्रे हे सगळं स्वतः लावायचं असतं. ते त्याचं कामाचं टेबल आहे असं समजा. भाषा वेगळी असेल तर दुभाषा घड्याळ समजणारा हवा. नुसती भाषा येणाऱ्याने ‘एस्केपमेंट’चं (चाकांना ठेक्यात एकेक दाता सोडणाऱ्या भागाचं) काहीतरी भलतंच करून ठेवलेलं मी ऐकलं आहे.

सुरुवातीला तुम्ही दोन मिनिटं बोला आणि बाजूला व्हा. खरंच बाजूला व्हा. दुकानदाराला सगळ्यात जड जाणारी पायरी हीच आहे, कारण आयुष्यभर गिऱ्हाईक आणि वस्तू यांच्या मध्ये उभं राहायची सवय असते. घड्याळकाराने पंधरा-वीस मिनिटं बोलावं: काय केलं, कशात हरला, काय तिसऱ्यांदा जमलं. सुटे भाग आणले असतील तर भाषणाची गरजही उरत नाही. कच्चा कापलेला एक पूल आणि तोच पुरा झालेला, असे दोन तुकडे शेजारी ठेवले की लोक आपणहून बोलू लागतात.

क्राउनला (चावी देण्याच्या आणि वेळ लावण्याच्या बाजूच्या बटणाला) हात लावायचा तो फक्त घड्याळकाराने किंवा त्याने सांगितल्यावर. हा नियम सुरुवातीलाच हसत पण स्पष्ट सांगा. टोले वाजत असताना वेळ बदलली तर मिनिट रिपीटरचं यंत्र मोडू शकतं. कायमच्या कॅलेंडरचं (महिन्यांचे दिवस आणि लीप वर्ष स्वतःच सांभाळणारं) घड्याळ मध्यरात्रीच्या आसपासची वेळ दाखवत असताना तारीख ढकलली, तर चाकं एकमेकांत अडकलेली असताना जोर लागतो आणि दाता तुटू शकतो. अनेक घड्याळं आता यापासून जपतात, पण नमुन्याच्या घड्याळात ती सोय असेलच असं धरू नका.

फोटो काढू द्या, पण अजून जाहीर न झालेला नमुना असेल तर घड्याळकाराने तसं आधी सांगायचं. कोणी किंमत विचारली तर उत्तर त्यालाच देऊ द्या. तुम्ही मध्ये पडून ‘थोडं बघता येईल’ असं म्हणालात, तर वर्षभर ज्याने एकेक कड घासली त्याचा अपमान होतो आणि तो पुन्हा येत नाही.

पाळी संपली तरी उठत नाही असा एक पाहुणा असतोच. त्याला उठवायचं काम घड्याळकाराचं नाही. ते तुमच्या एखाद्या गोड बोलणाऱ्या सहकाऱ्याला आधीच सोपवून ठेवा.

७. नाव नोंदवायचं म्हणणाऱ्यांचं काय

त्या रात्री सही घेऊ नका. उत्साहात नाव नोंदवलेला माणूस तीन वर्षांनी दुसरा हप्ता मागितला की गोंधळतो. नाव, आवडलेली रचना, डायलबद्दलची इच्छा एका वहीत टिपून घ्या आणि आठवड्याने घड्याळकाराकडून थेट पत्र जाऊ द्या: मुदत किती, हप्ते कसे, बदल कुठपर्यंत शक्य. जे उत्तर देतील ते खरे.

लगेच फिरवून विकण्यासाठी नाव लावणारेही येतात. त्यांना ओळखणं अवघड नाही: भिंग हातात घेत नाहीत आणि विचारतात ते ‘एकूण किती होणार’. रांग कोणाची लावायची हा हक्क घड्याळकाराचा. तुम्हाला माहीत असलेलं त्याला खाजगीत सांगा, एवढंच.

८. दिवे मालवण्याआधी

शेवटचा पाहुणा गेला की दार लावा आणि मगच आवराआवर सुरू करा. यादी हातात घेऊन, एकाने अनुक्रमांक वाचायचा आणि दुसऱ्याने घड्याळ उचलून पेटीत ठेवायचं. मऊ कापडाने पुसायचं, मागच्या काचेवर ओरखडा नाही ना ते दोघांनी मिळून पाहायचं आणि दोघांनीही यादीवर सही करायची. घड्याळं दुकानात आली तेव्हाही हेच केलेलं असलं पाहिजे, नाहीतर ओरखडा कधीचा यावर वाद होतो.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाहुण्याला दोन ओळी लिहा आणि घड्याळकाराला एक लांब पत्र: लोकांनी काय विचारलं, कुठे अडखळले, कोणतं डायल पुन्हा पुन्हा उचललं. कार्यशाळेत एकट्याने बसणाऱ्या माणसाला हे दुसरीकडून कळत नाही. कार्ने असेल तर परतीच्या वेळी कस्टमचा शिक्का बसला ना हे त्याच दिवशी फोन करून विचारा. तो राहिला तर माल तुमच्याच देशात राहिला असं धरून कराची मागणी येते, आणि तेव्हा घड्याळं केव्हाच त्याच्या टेबलावर परत पोचलेली असतात.